कायदाच रद्द झाला तेव्हा: बँकिंग आणि नादारी कायद्याच्या एका प्राध्यापिकेचं प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका अनुदानित विधी महाविद्यालयात बँकिंग, वित्त आणि नादारी (म्हणजे देणी फेडता न येणं) हे विषय शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेचं हे प्रकरण आहे. त्यांच्या संमतीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील काढले किंवा बदलले आहेत. विद्यार्थी त्यांना मॅडम म्हणतात, इथेही तेच ठेवतो. त्या काळात मी महाविद्यालयाच्या संशोधन समितीवर होतो, त्यामुळे यातले बरेच निर्णय होताना पाहिले.

प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं याचं कारण म्हणजे एलएल.एम. झालेली मुलं दरवर्षी हेच विचारतात, की या विषयात संशोधन आणि अध्यापन करून पुढे काय? करार किंवा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा शिकवणाऱ्याला त्याच्या उमेदीच्या काळात पायाच बदलला असं सहसा होत नाही. बँकिंग आणि नादारीत ते होतं. १९८५, १९९३, २००२ आणि २०१६, प्रत्येक वेळी नवा कायदा आला आणि आधीचं बरंचसं ज्ञान बाजूला पडलं. अशा विषयात दहा-पंधरा वर्षांचं काम कशाच्या आधारावर उभं करायचं, हे या प्रकरणात दिसतं.

पार्श्वभूमी

मॅडम एलएल.एम. आणि नेट झाल्यावर काही वर्षं एका ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनिअर होत्या. हे वकील दोन-तीन राष्ट्रीयीकृत बँकांच्या पॅनेलवर होते आणि मुख्य काम कर्जवसुली न्यायाधिकरणातलं, म्हणजे डीआरटीतलं होतं. १९९३ च्या कायद्याने ही न्यायाधिकरणं आली, कारण बँकांचे दावे दिवाणी न्यायालयांत वर्षानुवर्षं पडून राहत. पण डीआरटीत आल्यावरही एक गोष्ट वारंवार घडे. बँकेचा अर्ज शंभर-दीडशे पानांचा असे: कर्जमंजुरीची पत्रं, गहाणखत, खातेउतारे, वैयक्तिक हमीपत्रं. कंपनीकडून त्यावर एकच पान येई. त्यात लिहिलेलं असे की कंपनीचा संदर्भ बीआयएफआरकडे नोंदवला गेला आहे, सबब सिकाच्या कलम २२ प्रमाणे कारवाई स्थगित करावी. ते एक पान दीडशे पानांना भारी पडे, आणि तारीख पुढे जाई.

ज्यांनी नंतर कायदा शिकायला घेतला त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सिका म्हणजे आजारी औद्योगिक कंपन्यांसाठीचा १९८५ चा कायदा. तिवारी समितीच्या शिफारशींतून तो आला. साचलेल्या तोट्याने कंपनीचं संपूर्ण नक्त मूल्य (भांडवल अधिक राखीव निधी) खाऊन टाकलं की तिने औद्योगिक आणि वित्तीय पुनर्रचना मंडळाकडे, म्हणजे बीआयएफआरकडे जायचं. मंडळ पुनर्वसनाची योजना तयार करवून घेई, किंवा कंपनी वाचत नाही असं ठरलं तर ती गुंडाळण्याची शिफारस उच्च न्यायालयाला करी. दरम्यानच्या काळात कलम २२ ची ढाल असे. ती इतकी रुंद होती की ग्रामपंचायतीच्या करवसुलीलाही हे कलम आड येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये म्हटलं. हेतू चांगला होता, रुग्णाला श्वास घ्यायला वेळ मिळावा. प्रत्यक्षात हा दरम्यानचा काळ कित्येक कंपन्यांच्या बाबतीत एक दशक ओलांडून गेला, आणि त्या सगळ्या काळात कंपनी बुडवणारे लोकच तिच्या खुर्चीवर होते.

मॅडमनी त्या एका पानावरच पीएच.डी. करायचं ठरवलं. तोवर त्या वकिली सोडून आधी तासिका तत्त्वावर आणि मग कायम जागेवर शिकवायला लागल्या होत्या. कायम झाल्यावर वकिलीची सनद स्थगित करावी लागली, कारण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. २०११ मध्ये नोंदणी झाली. विषय होता कलम २२ चं संरक्षण आणि बँकांची वसुली, महाराष्ट्रातल्या निवडक कंपन्यांच्या अनुषंगाने.

त्यांचं काम कष्टाचं होतं. दिल्लीला जाऊन बीआयएफआरचे आदेश मिळवले. बँकांच्या वसुली विभागांतल्या अधिकाऱ्यांशी बोलल्या, कामगार संघटनांच्या जुन्या पदाधिकाऱ्यांना भेटल्या. मुंबईतल्या कापड गिरण्यांची प्रकरणं अभ्यासात होती. गिरण्यांच्या बाबतीत बीआयएफआरची योजना म्हणजे बहुतेकदा जमीन विकून पैसा उभा करण्याची योजना. तिथे मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८ आडवा येई. १९९१ च्या नियमाप्रमाणे जमिनीचा साधारण एक-तृतीयांश महापालिकेला, एक-तृतीयांश म्हाडाला आणि एक-तृतीयांश मालकाला, अशी वाटणी होती. २००१ च्या दुरुस्तीने ती वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. आजारी कंपनी, तिची कोट्यवधींची जमीन, थकलेले कामगार आणि वाट पाहणारी बँक, असा चौकोन एका फायलीत सापडे.

२०१६ च्या उन्हाळ्यात सातपैकी सहा प्रकरणं लिहून झाली होती. सातवं शिफारशींचं होतं: कलम २२ मध्ये कोणत्या दुरुस्त्या कराव्यात.

अडचण

२८ मे २०१६ रोजी नादारी आणि दिवाळखोरी संहितेला राष्ट्रपतींची संमती मिळाली. १ डिसेंबर २०१६ पासून तिचा कंपन्यांच्या नादारीचा भाग अमलात आला आणि त्याच दिवशी सिका रद्द झाला. बीआयएफआर बंद. तिथली प्रलंबित प्रकरणं संपुष्टात. कंपनीची इच्छा असेल तर १८० दिवसांत राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, एनसीएलटीकडे, नव्याने जायचं.

हे अचानक झालं असं म्हणता येणार नाही. टी. के. विश्वनाथन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा अहवाल नोव्हेंबर २०१५ मध्येच आला होता. सिका रद्द करणारा कायदा तर २००३ मध्येच संमत होऊन ठेवलेला होता, फक्त तो अमलात आणला गेला नव्हता. तेरा वर्षं रद्द होणार होणार म्हणत टिकलेला कायदा अजून दोन वर्षं टिकेल, असं मॅडमनाच नव्हे, बीआयएफआरपुढे काम करणाऱ्या वकिलांनाही वाटत होतं.

रद्द झालेल्या कायद्यातल्या कलमाला दुरुस्त्या सुचवणारा प्रबंध सादर कसा करायचा, हा वरवरचा प्रश्न. त्याच्या पोटात आणखी दोन होते. पहिला अध्यापनाचा. विद्यापीठाच्या बँकिंग कायद्याच्या पेपरात सिका होताच, परीक्षेत त्यावर प्रश्न येत होते, आणि नवी संहिता अभ्यासक्रमात यायला अवकाश होता. परीक्षेसाठी मेलेला कायदा आणि व्यवसायासाठी जिवंत कायदा, दोन्ही त्याच तासात शिकवावं लागत होतं. दुसरा प्रश्न बाजारातून आला. मुंबईतल्या कायदा संस्थांना, म्हणजे वकिलांच्या फर्म्सना, आणि बँकांना नादारीची माणसं एकदम हवी झाली. मॅडमच्या बरोबरीने ज्युनिअर असलेले एक वकील आता मुंबईत अशाच एका संस्थेत भागीदार होते. त्यांनी फोन करून सांगितलं, "या विषयात तुम्ही जितकं वाचलंय तितकं आमच्याकडे कोणीच वाचलेलं नाही. आत्ता या, दोन वर्षांनी गर्दी होईल." गर्दी झाली, त्यांचा अंदाज बरोबर होता.

विद्यापीठाने दिलेली मुदत २०१७ च्या अखेरीस संपत होती. मुदतवाढीची तरतूद होती, पण ती एकदाच मिळणार होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय मार्गदर्शकांनी सुचवला. ते निवृत्तीला आले होते. "आहे तसा सादर करून टाका. प्रस्तावनेत लिहा की हा कायद्याचा इतिहास आहे. परीक्षकांनाही माहीत आहे काय झालंय ते." हा सल्ला व्यवहारी होता. पदवी वेळेत मिळाली असती. पण सातव्या प्रकरणाला अर्थ उरला नसता, आणि नादारीच्या विषयात पुढची वीस वर्षं काढणाऱ्याच्या नावावर एक मृत्युलेख तेवढा जमा झाला असता.

दुसरा, विषय बदलून संहितेवर नव्याने लिहिणं. संशोधन समितीतल्या आमच्यापैकी अनेकांना हा पर्याय आकर्षक वाटला, कारण नव्या कायद्यावरचा राज्यातला एखादा पहिला प्रबंध झाला असता. मॅडमनी यात एक गोष्ट आमच्याआधी ओळखली: हा कायदा स्थिर व्हायला वेळ लागणार. झालंही तसंच. नोव्हेंबर २०१७ मध्ये अध्यादेश येऊन कलम २९ अ घातलं गेलं आणि अपात्र प्रवर्तकांना स्वतःची कंपनी परत बोली लावून घेण्यास बंदी झाली. जून २०१८ मध्ये घरखरेदीदार बँकांसारखे वित्तीय धनको (पैसे देणारे) झाले आणि अशा धनकोंच्या समितीत मोठ्या निर्णयांना लागणाऱ्या मतांचं प्रमाण ७५ वरून ६६ टक्क्यांवर आलं. २०१९ मध्ये सगळ्या प्रक्रियेला ३३० दिवसांची कमाल मर्यादा आली आणि त्याच वर्षी एस्सार स्टीलच्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने ती अपवादात्मक परिस्थितीत शिथिल केली. २०२० मध्ये अर्जासाठी लागणाऱ्या थकबाकीचा उंबरठा एक लाखावरून एक कोटीवर गेला आणि कोविडमुळे नवे अर्जच काही काळ बंद झाले. या काळात कलमवार प्रबंध लिहायला घेतलेले दोन-तीन जण माझ्या माहितीत आहेत. त्यांची प्रकरणं छापून होईपर्यंत शिळी होत.

तिसरा पर्याय व्यवसायात जाण्याचा. भागीदारांचा प्रस्ताव होताच. शिवाय नादारी व्यावसायिक (प्रक्रियेच्या काळात कंपनीचा कारभार पाहणारी व्यक्ती) म्हणून नोंदणी करण्याचा नवा मार्ग खुला झाला होता, पण त्यासाठी वकिलीचा दहा वर्षांचा अनुभव लागे आणि मॅडमची वकिली त्याच्या निम्मीही नव्हती. अध्यापनाची वर्षं त्यात मोजली जात नव्हती. मुंबईची नोकरी पगाराने तिप्पट होती. सोडायचं काय होतं, तर कायम नोकरी, आणि घरी आजारी सासरे व आठवीतला मुलगा यांच्याभोवती बसवलेली घडी. मॅडमनी हा हिशेब आमच्यापुढे कधी मांडला नाही, पण तो त्यात होता हे उघड आहे. बाईमाणसाच्या शैक्षणिक कारकिर्दीची प्रकरणं लिहिताना ही ओळ गाळली जाते, म्हणून इथे लिहून ठेवतो.

चौथा पर्याय तेव्हा कोणाच्याच यादीत नव्हता. तो मॅडमच्या स्वतःच्या फायलींतून निघाला.

निर्णय आणि कृती

डिसेंबर २०१६ मध्ये मॅडमनी लिहिलेली सहाही प्रकरणं बाजूला ठेवली आणि मूळ टिपणं पुन्हा वाचायला घेतली. त्या टिपणांत कलमांपेक्षा वेगळं बरंच काही होतं. संरक्षणाच्या काळात यंत्रं कधी विकली गेली, भविष्य निर्वाह निधी कधीपासून भरला गेला नाही, तारण ठेवलेला माल कोणाच्या गोदामात गेला, वीज कधी तुटली, कामगारांचा शेवटचा पगार कधी झाला. ही माहिती त्यांनी पूरक म्हणून गोळा केली होती. आता तिच्यातूनच प्रश्न तयार झाला: कायदा वसुली थांबवतो तेव्हा त्या थांबलेल्या काळात कंपनी कोणाच्या हातात असते, आणि त्याने कोणाचं काय होतं?

हा प्रश्न सिकाबरोबर मेला नव्हता. संहितेतही स्थगिती आहे, कलम १४ ची. पण संहितेने हात बदलले. अर्ज दाखल करून घेतला की संचालक मंडळाचे अधिकार निलंबित होतात, कारभार नादारी व्यावसायिकाकडे जातो आणि मोठे निर्णय धनको समिती घेते. सिकात ढाल होती आणि खुर्चीही होती. संहितेत ढाल मिळते तेव्हा खुर्ची जाते. हा बदल का केला गेला याचा पुरावा मॅडमच्या कपाटात होता.

सातवं प्रकरण त्यांनी फाडून टाकलं. चौथं आणि पाचवं नव्याने लिहिलं. शीर्षकातून कलमाचा आकडा काढून टाकायचा प्रस्ताव विद्यापीठाच्या संशोधन आणि मान्यता समितीकडे गेला. इथे काही महिने गेले. समितीला हा विषयबदल आहे की शीर्षकातला किरकोळ बदल, हे ठरवता येत नव्हतं. विषयबदल म्हटला तर नवी नोंदणी, म्हणजे सगळं पहिल्यापासून. शेवटी मार्गदर्शकांनी एक पानी खुलासा दिला की माहितीचा स्रोत, कालखंड आणि निवडलेल्या कंपन्या त्याच आहेत, आणि परवानगी मिळाली. आधी ज्यांनी सरळ सादर करा म्हटलं होतं, त्याच सरांनी हा खुलासा स्वतः बसून लिहिला, याची नोंद व्हायला हवी.

पुढचा निर्णय तारखेचा होता. कायदा रोज बदलत असताना प्रबंधात तो कोणत्या दिवसापर्यंतचा धरायचा? मॅडमनी ३१ ऑगस्ट २०१७ ही तारीख निवडली. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीजच्या प्रकरणात निकाल दिला. ही पुण्याची कंपनी. आयसीआयसीआय बँकेने तिच्याविरुद्ध संहितेखाली अर्ज केला, तेव्हा कंपनीने महाराष्ट्राचा १९५८ चा साहाय्यित उपक्रमांचा कायदा पुढे केला. त्या कायद्याखाली राज्य सरकार अधिसूचना काढून एखाद्या उद्योगाची देणी ठरावीक मुदतीसाठी स्थगित करू शके, आणि या कंपनीच्या बाजूने तशी अधिसूचना होती. म्हणजे कलम २२ चाच राज्यातला जुना भाऊ. न्यायालयाने सांगितलं की केंद्राच्या संहितेपुढे हा राज्य कायदा टिकणार नाही, आणि कर्ज फेडू न शकणाऱ्या जुन्या व्यवस्थापनाला यापुढे खुर्ची धरून बसता येणार नाही. मॅडमचा प्रश्न जिथे येऊन थांबायला हवा, नेमका तिथला हा निवाडा होता. कंपनी महाराष्ट्रातली, कायदा महाराष्ट्राचा, आणि वाद संरक्षणाच्या काळात कंपनी कोणाच्या हाती राहते याचा. त्यानंतरचा एकही निवाडा त्यांनी मूळ मजकुरात घेतला नाही. व्हायव्हामध्ये बाहेरच्या परीक्षकांनी २९ अ बद्दल विचारलं, तेव्हा तारखेची ओळ दाखवून मग तोंडी उत्तर दिलं.

मुंबईच्या नोकरीला त्यांनी नाही म्हटलं. ते प्रकरण तिथे संपलं असं आम्हाला वाटलं, पण २०१९ मध्ये ते दुसऱ्या रूपात परत आलं.

लेखी मताचा प्रश्न

तोवर प्रबंध मंजूर झाला होता आणि मॅडमचा एक लेख एका नियतकालिकाने स्वीकारला होता. माल पुरवणारे आणि सेवा देणारे धनको, म्हणजे व्यावहारिक धनको, यांना कंपनी वाचवण्याच्या योजनेत बँकांच्या तुलनेत किती मिळावं यावर तो होता. जुलै २०१९ मध्ये एनसीएलटीच्या वरच्या अपील न्यायाधिकरणाने एस्सार स्टीलच्या प्रकरणात व्यावहारिक धनकोंना बँकांच्या बरोबरीने वाटा देण्याच्या बाजूने निकाल दिला, आणि देशभर या मुद्द्यावर मतं गोळा केली जाऊ लागली. एका कायदा संस्थेने, वेगळ्याच एका प्रलंबित प्रकरणासाठी, मॅडमकडे लेखी मत मागितलं. मोबदला त्यांच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढा होता.

सनद स्थगित असताना असं मत देणं वकिलीत मोडतं का? प्राचार्यांनी प्रश्न महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेच्या सचिवांकडे पाठवला, सचिवांनी परत प्राचार्यांकडे. लेखी धोरण कोणाकडेच नव्हतं. काही ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं होतं की सगळेच देतात, नाव न घालता द्यावं. मॅडमना अडचण वेगळीच दिसत होती. त्याच मुद्द्यावर लेख छापून येणार आणि त्याच मुद्द्यावर पैसे घेऊन मतही दिलेलं असणार. लेखात ते जाहीर केलं तर संपादक लेख थांबवतील, न केलं तर वाचकांची फसवणूक.

त्यांनी मत दिलं नाही. कायदा संस्थेला पत्र लिहून पर्याय सुचवला: महाविद्यालयामार्फत, महाविद्यालयाच्या पावतीवर, बँक अधिकाऱ्यांसाठी आणि तरुण वकिलांसाठी प्रशिक्षण, कोणत्याही चालू प्रकरणावर बोलायचं नाही. कायदा संस्थेला त्यात रस नव्हता. पण दोन बँकांना होता, आणि ती प्रशिक्षणं सुरू झाली.

१५ नोव्हेंबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने अपील न्यायाधिकरणाचा निकाल फिरवला. वाटप कसं करायचं हे धनको समितीच्या व्यावसायिक शहाणपणावर सोडलं. मॅडमच्या लेखातली भूमिका याच्या उलट होती. त्यांनी दुसरा लेख लिहिला, निवाड्याशी असहमती कायम ठेवून. लहान पुरवठादार धनको समितीत मतदार नसतो, मग तिचं शहाणपण त्याच्यासाठी काम करेल हे गृहीत कशावर धरायचं, हा त्यातला मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो.

निष्पत्ती

पीएच.डी. मिळाली, वर्षभर उशिराने. पदोन्नती आणखी लांबली, कारण सुरुवातीचे दोन लेख ज्या नियतकालिकांत आले ती यूजीसी-केअरच्या, म्हणजे मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या, यादीत नव्हती. एका प्रकाशकाने प्रबंधाचं पुस्तक करायची तयारी दाखवली, पण त्यांना संहितेवर कलमवार टीका हवी होती. मॅडमनी नकार दिला. ते पुस्तक आजवर झालेलं नाही, आणि मला त्याची हळहळ आहे.

खरं फळ मात्र अनपेक्षित ठिकाणी आलं. ५ मे २०२० ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने पांडुरंग गणपती चौगुले विरुद्ध विश्वासराव पाटील मुरगूड सहकारी बँक या प्रकरणात सांगितलं की सहकारी बँकांनाही २००२ चा सरफेसी कायदा, म्हणजे न्यायालयात दावा न लावता तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकण्याचा कायदा, वापरता येतो. महाराष्ट्रासाठी हे फार मोठं होतं. तालुक्याच्या सहकारी बँकेकडे आधी मुख्यतः सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला आणि सहकार न्यायालय हे मार्ग होते. आता ६० दिवसांची नोटीस, मग ताबा, मग लिलाव, हा मार्ग निर्विवाद झाला. आणि समोरचा कर्जदार बहुतेकदा कंपनी नसतो. किराणा दुकानदार, यंत्रमागवाला, द्राक्षबागायतदार असतो. त्याला संहितेची स्थगिती मिळत नाही, कारण तिचा व्यक्तींसाठीचा भाग कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरताच, १ डिसेंबर २०१९ पासून, लागू झाला आहे. कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला नादार ठरायचं असेल तर अजूनही १९२० चा कायदा, आणि मुंबईच्या व्यापाऱ्याला १९०९ चा.

मॅडमचा जुना प्रश्न इथे जसाच्या तसा लागू पडला. नोटीस आणि लिलाव यांच्या मधल्या काळात घर, दुकान, शेड कोणाच्या हातात असतं? सरफेसीच्या नियमांप्रमाणे ताबा घेतल्यावर दोन वृत्तपत्रांत सूचना छापावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. मॅडमनी विद्यार्थ्यांना मराठी वृत्तपत्रांतल्या ताबा सूचना कापून आणायला लावल्या. प्रत्येक कात्रणावर चार गोष्टी लिहायच्या: मागणी नोटिशीची तारीख, ताब्याची तारीख, ताबा प्रत्यक्ष की सांकेतिक, आणि मालमत्तेचं वर्णन वाचून ती राहती आहे की व्यवसायाची. पहिल्याच सत्रात मुलांच्या लक्षात आलं की बहुतेक ठिकाणी ताबा सांकेतिक आहे. म्हणजे कागदावर बँकेचा, आत कुटुंब राहतंय. मग प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक सरफेसीच्या कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. तिथे नऊ मुद्द्यांचं शपथपत्र लागतं आणि आदेश ३० दिवसांत, फार तर एकूण ६० दिवसांत व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात किती लागतात, हाच मॅडमचा सध्याचा अभ्यास आहे. आता त्या मार्गदर्शक आहेत आणि त्यांचे दोन विद्यार्थी यावर काम करताहेत.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी हानी १८० दिवसांची झाली. सिका रद्द झाल्यावर बीआयएफआरमधल्या कंपन्यांना एनसीएलटीकडे जायला मे २०१७ अखेरपर्यंत मुदत होती. मॅडमच्या अभ्यासातल्या कंपन्यांपैकी कोणत्या गेल्या, कोणत्या गेल्या नाहीत आणि का, हे त्या सहा महिन्यांत विचारता आलं असतं. संरक्षण हवंय पण खुर्ची सोडायची नाही, असं कोणाचं होतं हे त्यातून थेट दिसलं असतं. ते महिने शीर्षकाच्या परवानगीत गेले. परवानगीची वाट न पाहता माहिती गोळा करायला कोणाची हरकत नव्हती. आम्ही समितीवरच्यांनीही ते सुचवलं नाही. नंतर ती माहिती जुळवणं फार अवघड झालं, कारण अधिकारी बदलले आणि काही कंपन्यांचे पत्तेही उरले नाहीत.

मुंबईच्या नोकरीबद्दल माझं मत मॅडमपेक्षा वेगळं आहे. सरळ नाही म्हणण्याऐवजी वर्षभराची बिनपगारी रजा मागायला हवी होती. एनसीएलटीच्या मुंबई पीठापुढचं ते पहिलं वर्ष आतून पाहायला मिळालं असतं. मॅडमचं म्हणणं असं की रजा मिळाली नसती, आणि मिळाली असती तर परत आले नसते. दुसरं वाक्य खरं असू शकेल.

लेखी मताच्या बाबतीत त्यांनी घेतलेला निर्णय योग्य होता, पण तो एकट्याने घ्यावा लागला हे अयोग्य होतं. बँकिंग आणि नादारीत पैसा जवळ असतो, आणि शिक्षकाकडे मत मागायला येणारा कुठल्यातरी एका बाजूचा असतोच. कोणतं काम चालेल, पावती कोणाच्या नावे, चालू प्रकरण वर्ज्य की नाही, लेखात काय जाहीर करायचं, हे दोन पानांत लिहून ठेवता येतं. मॅडमनी तसा मसुदा २०२० मध्ये प्राचार्यांना दिला आहे. त्यानंतर दोन प्राचार्य बदलले, आणि मसुदा अजून महाविद्यालय विकास समितीपुढे आलेला नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संहितेच्या दुरुस्तीचं विधेयक लोकसभेत मांडलं गेलं, त्यात एकाच समूहातल्या कंपन्यांची एकत्र नादारी आणि सीमापार नादारी यांच्या तरतुदी होत्या. त्या आठवड्यात मॅडमच्या एका विद्यार्थ्याने घाबरून विचारलं की आपला विषय बदलावा लागेल का. त्याच्या शीर्षकात कलमाचा आकडा नाही, आणि कायदा कोणत्या तारखेपर्यंतचा हे पहिल्या पानावर नोंदणीच्या दिवशीच लिहून घेतलेलं आहे. मॅडमनी त्याला जिल्हाधिकारी कार्यालयातल्या राहिलेल्या फायली आधी पूर्ण करायला सांगितलं.